म्हस्के सिस्टरांचे हात

हाताला भेगा पडलेला पेशंट समोर बसला की हल्ली मी आधी मलम लिहीत नाही. पेन खाली ठेवतो आणि विचारतो, "दिवसातून किती वेळा धुता?" बहुतेक जण भांड्यांच्या साबणाला नाहीतर शेतातल्या फवारणीला दोष देतात, आणि तो खराही असतो. पण एखादी बाई खाली बघते आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागते. मग मी कंपाउंडरला दार ओढून घ्यायला सांगतो. बाहेर बाकावरची माणसं कुरकुर करतात, डॉक्टर गप्पा हाणून राह्यले म्हणतात. म्हणू देत. जालन्यातल्या माझ्या या लहानशा दवाखान्यात एवढी एक गोष्ट मी बरी करतो, आणि ती मी म्हस्के सिस्टरांमुळे शिकलो. शिकायला चार वर्षं लागली. तोवर त्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

तेव्हा मी भोकरदन तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होतो. राजूरहून हसनाबादकडे जाताना ते गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण गावाची चूक थोडी आणि माझी फार होती. लता म्हस्के तिथल्या नर्स. पन्नाशीला आलेल्या, ठेंगण्या, पायात आवाज न करणारी चप्पल, साडीची घडी कधी विस्कटलेली दिसायची नाही. लहान मुलांच्या लसीकरणाचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. लसी ज्या फ्रिजमध्ये ठेवतात त्याचं तापमान दोन ते आठ अंशांच्या मधे राहायला हवं, नाहीतर लस वाया जाते. सकाळ-संध्याकाळ आकडा बघून वहीत लिहायचा, एवढाच सरकारी नियम. सिस्टर तो दर तासाला बघायच्या.

"सर, फ्रिज चार दाखवून राह्यलाय. बराबर हाय ना?"

"बरोबर आहे, सिस्टर."

दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. "चारच हाय सर. बराबर ना?"

"अहो, बरोबर आहे."

हे दिवसातून इतक्या वेळा व्हायचं की पुढंपुढं मी मान वर न करताच बरोबर म्हणायला लागलो. संध्याकाळी फ्रिजच्या खोलीला कुलूप लावून त्या फाटकापर्यंत जायच्या, तिथून परतायच्या, कुलूप ओढून बघायच्या, पुन्हा फाटक. आमचा शिपाई म्हणायचा, "सिस्टर तिसऱ्यांदा फाटकाला पोचल्या की समजायचं, सुटी झाली." आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, पण डोळे कुलपाकडे असायचे.

एकदा फ्रिजचं तापमान खरंच वाढायला लागलं. मेकॅनिक आला, त्याला काही सापडेना. मग मीच थोडा वेळ तिथं खुर्ची टाकून बसलो तेव्हा कळलं. आकडा बाहेर दिसत असूनही सिस्टर झाकण उघडून आतला थर्मामीटर बघत होत्या. उघडलं की गरम हवा आत जायची, आकडा चढायचा. चढला म्हणून त्या घाबरायच्या आणि पुन्हा उघडायच्या. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही बघता म्हणूनच बिघडतंय ते." त्यांनी मान डोलावली. दोन दिवस झाकणाला हात लावला नाही आणि ते दोन दिवस जेवणाचा डबाही उघडला नाही. मला वाटलं, बाईंना बोललेलं फार लागतं. त्यापलीकडे माझं डोकं गेलं नाही.

जालन्याहून तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी सिस्टरांची वही वर धरून सगळ्यांना दाखवली. एक खाडाखोड नाही. मीही दर महिन्याच्या मीटिंगमध्ये बाकीच्यांना सुनवायचो, "म्हस्के सिस्टरांकडून शिका जरा." आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

गावातल्या बायांचा तर त्यांच्यावर जीव होता. सकाळी लस दिलेल्या लेकराच्या घरी सिस्टर संध्याकाळी परत जायच्या. मांडीवर गाठ आली का बघायच्या, ताप बघायच्या, पाळण्यातलं अंथरूण झटकायच्या. "सिस्टरबाई लेकराला सख्ख्या मावशीवानी बघतात," असं मला कितीतरी जणींनी सांगितलं. या कौतुकात एकच बाई सामील नव्हती, ती म्हणजे आमची आशा कार्यकर्ती, शमीम आपा. गल्लोगल्ली फिरून बायांना दवाखान्यात आणणं हे तिचं काम, आणि सिस्टरांबरोबर तिचं रोजचं फिरणं-बसणं. एका दुपारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"सर, बुरा मानू नका. सिस्टरचं काहीतरी बिनसलंय."

"का, भांडण झालं का?"

"भांडण कशाचं. काल वाडीवरून आल्यावर चार किलोमीटर पुन्हा तिकडंच गेल्त्या. म्हणल्या, सुई पाळण्यात राह्यली. सुया सगळ्या डब्यात होत्या, म्या मोजून दाखवल्या. तरीबी पाळणा उलटा केला. लेकरू झोपलेलं, ते रडायला लागलं. यांचे हात असे थरथर कापत होते."

"आपा, काळजी करणारी माणसं राहिलीत कुठं आता?"

"ही काळजी न्हाई सर. ही दहशत हाय," असं म्हणून ती गेली. सातवी शिकलेल्या बाईनं निदान माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं आणि मी ते पेपरवेटसारखं बाजूला सरकवलं.

आता हातांचं सांगतो. सिस्टरांचे हात मनगटापर्यंत पांढरे पडलेले असायचे. बोटांच्या पेरांवर चिरा, थंडीत त्यांतून रक्त यायचं. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या हात पुढं करायच्या, मी न बोलता मलम लिहून द्यायचो. एकदा त्वचारोगवाल्याकडे चिठ्ठी दिली. त्यानंही मलमच दिलं, फक्त जरा महागातलं. कोरोना आला तेव्हा साऱ्या जगाला हात धुवायचं वेड लागलं आणि सिस्टर त्यात बेमालूम मिसळून गेल्या. साबण कसा लावायचा याचं प्रात्यक्षिक मी त्यांनाच करायला लावलं. शाळेच्या ओट्यावर उभ्या राहून त्यांनी मुलांना बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट असं सगळं दाखवलं. मग साथ गेली, जगानं साबण खाली ठेवला. सिस्टरांनी ठेवला नाही.

त्यांचे मालक अंकुशराव. गावात पिठाची गिरणी चालवायचे. भुवयांवर कायम पीठ, बोलणं मऊ. ते दवाखान्यात कधी यायचे नाहीत, म्हणून एकदा टोपी हातात घेऊन आले तेव्हा मला वाटलं, छातीत दुखत असेल.

"साहेब, तुम्ही तिला जरा सांगा. तुमचं ऐकती ती."

"काय झालं?"

"पाण्याचा ड्रम एका दिवसात खाली होऊन राह्यलाय. टँकर येतो आठ दिवसांनी. मला दारातच उभं करती. पिठाचे कपडे बाहीर काढायचे, अंगावर पाणी घ्यायचं, मंग आत. ते ठीक हाय, गिरणीवाला माणूस हाये मी. पण आता आत गेल्यावर पुन्हा एकदा धू म्हणती."

मी हसलो. "अंकुशराव, बायको स्वच्छ आहे म्हणून तक्रार घेऊन येणारे तुम्ही पहिलेच."

डॉक्टर हसल्यावर समोरच्याला हसावंच लागतं, तसे तेही हसले. उठले, टोपी घातली. दारात थांबून म्हणाले, "धुता धुता रडती साहेब. म्हणून आल्तो." आणि गेले. बाहेर गर्दी होती. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. कॉलेजात या आजारावर आम्हाला अख्खा एक धडा होता. आपल्याकडे जुनी माणसं त्याला मंत्रचळ म्हणतात, पुस्तकात ओसीडी म्हणतात. परीक्षेत प्रश्न आला असता तर मी पानभर उत्तर लिहिलं असतं. माणसाच्या रूपात आला तेव्हा तो मला ओळखू आला नाही.

त्या वर्षी सिस्टरांच्या मुलीला, रूपालीला, दिवस गेले होते. एकुलती एक मुलगी, धावड्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. सिस्टर दुपारच्या सुटीत दुपटी शिवायच्या. घरी नेऊन ती उकळून धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा धुवायच्या. पाचव्या महिन्यात मला दाखवायला आणली तेव्हा त्यांचा रंग उडालेला आणि कापड आरपार दिसण्याइतकं विरलेलं होतं. "मऊ झाले ना सर? लेकराला टोचायचे न्हाई." टोचायचे हा शब्द उच्चारताना त्या थबकल्या आणि मोरीकडे वळल्या. मला वाटलं, हाताला काही लागलं असेल.

मग तो लसीकरणाचा दिवस. व्हरांड्यात वीसेक बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. सिस्टर माझ्या खोलीत आल्या, दार लावून घेतलं, आणि दोन्ही हात पाठीमागं धरून उभ्या राहिल्या.

"सर, मला लसीकरणातून काढा."

"सुटी पाहिजे का? रूपालीचं काही?"

"सुटी नको. मला लेकरांपासून काढा."

मी पेन ठेवलं. त्या भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत बोलायला लागल्या. आवाज अगदी सपाट होता.

"लेकरू मांडीवर असलं की मनात येतं, ही सुई याच्या टाळूत घालीन. मला घालायची न्हाई सर. देवाची शपथ, न्हाई घालायची. पण येतं. हात धुतला की थोडं जातं, पुन्हा येतं. लई वर्षं झाली. पण हात माझाच हाय ना? उद्या उचललाच तर? रूपालीचं लेकरू घरात येणार हाये सर."

सगळं सांगितलं त्यांनी. याहून स्वच्छ कुणी आपला आजार सांगू शकत नाही. पण मी त्यातलं एकच वाक्य ऐकलं, सुई टाळूत घालीन. बाहेर वीस लेकरं होती. खोटं कशाला बोलू, लेकरांच्या भीतीबरोबर मला माझ्या नोकरीचीही भीती वाटली. मी त्यांना बसा म्हटलं नाही. कधीपासून, किती वेळा, विचार आला की काय वाटतं, काही विचारलं नाही. आत्ताच्या आत्ता घरी जा म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. "बराबर केलं ना सर मी, सांगून?" त्यांनी विचारलं. मी बरोबर म्हणालो आणि त्या गेल्यावर वरच्या कार्यालयाला पत्र लिहायला बसलो.

'सदर कर्मचाऱ्याच्या मनात बालकांना इजा करण्याचे विचार येत असल्याचे त्यांनी स्वतः कथन केले आहे. तरी त्यांना बालकांच्या संपर्कातील कामातून तात्काळ मुक्त करण्यात यावे.' खाली माझी सही, शिक्का.

पत्र टाइप करणाऱ्या कारकुनानं ते वाचलं. त्याच्या बायकोला त्याच दिवशी कळलं, आणि दुसऱ्या दिवशी गावाला. "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय," असं कारकून मला म्हणाला. मी त्याला झापलं, पण पत्र उघडं त्याच्या टेबलावर ठेवणारा मीच होतो. ज्या बाया सख्खी मावशी म्हणायच्या त्या सिस्टर रस्त्यानं दिसल्या की लेकरू पदराखाली घ्यायला लागल्या. कुणी म्हणालं बाहेरचं झालंय, कुणी म्हणालं आधीपासूनच नजर तशी होती. बातमी धावड्याला पोचायला आठवडाही लागला नाही. रूपालीच्या सासूनं निरोप धाडला, बाळंतपण इकडंच करू. रूपाली बाळंत झाली तेव्हा अंकुशराव एकटे जाऊन आले. मुलगी झाली होती. दुपट्यांचं गाठोडं ते घेऊन गेले होते आणि ते तसंच परत घेऊन आले.

शमीम आपा महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एक दिवस बोलली.

"सर, पंधरा साल झाले मी त्यांच्यासोबत फिरून राह्यली. एका लेकराला ओरखडा आला का? एका तरी?"

"नाही."

"मंग तुम्ही काय पाहून लिहिलं?"

भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात जालन्याहून आठवड्यातून एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरबाई यायच्या. मी सिस्टरांना तिकडं पाठवायला हवं होतं, तर आपाच त्यांना जीपमध्ये घालून घेऊन गेली. संध्याकाळी त्या डॉक्टरबाईंचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

"त्या तुमच्यासमोर कशा उभ्या होत्या?"

"हात मागे धरून."

"ज्याला इजा करायची असते तो हात मागं बांधून, मला लांब ठेवा म्हणत येतो का? नको असलेला विचार, त्याची भयंकर शिसारी, आणि तो घालवायला धुणं, तपासणं, विचारणं. त्यांनी तुम्हाला लक्षण सांगितलं डॉक्टर. तुम्ही ते जबाबासारखं लिहून घेतलंत." मग म्हणाल्या, "आणि त्या बराबर ना विचारतात तेव्हा हो म्हणत जाऊ नका. त्यानं घटकाभर बरं वाटतं आणि आजार पोसला जातो."

चार वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

मी दुसरं पत्र लिहिलं. हा आजार आहे, यात रुग्णाकडून इजा होत नाही, आधीचं पत्र अपुऱ्या माहितीवर लिहिलं गेलं, असं स्पष्ट लिहिलं. वरातीमागून घोडं. कार्यालयानं ते पहिल्या पत्राच्या मागं फाईलला लावलं. त्याची एक प्रत घेऊन मी धावड्यालाही गेलो, रूपालीच्या सासऱ्यांना समजावून सांगितलं. ते चहा पाजून म्हणाले, "साहेब, पहिलंबी तुमचंच पत्र व्हतं ना?"

सिस्टरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. औषधांनी फरक पडत गेला. धुणं कमी झालं, ड्रम चार दिवस पुरायला लागला, असं अंकुशराव सांगायचे. निवृत्तीच्या कागदांवर माझी सही घ्यायला त्या स्वतः आल्या. हातांवरच्या चिरा भरत आल्या होत्या. मी माफी मागितली. सरळ शब्दांत मागितली, माझं चुकलं म्हणालो. त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. माझीच दोन पत्रं.

"सर, तुमचा राग न्हाई. डॉक्टरबाई सांगतात ते मला समजतं. पण हे पहिलं लिहिलं तेव्हाबी तुम्ही डॉक्टरच होते ना?" त्या दोन्ही सह्यांवरून बोट फिरवत होत्या. "माझं मन मला वीस वर्षं सांगून राह्यलं होतं, तू घातकी हायेस. मी म्हणायची, खोटं हाय, कुणीच असं म्हणत न्हाई. मंग तुम्ही लिहून दिलं."

त्यांनी कागद पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवले. फाडून टाका असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तो हक्क मला नव्हता.

त्यानंतर मी नोकरी सोडली, जालन्यात दवाखाना टाकला. सिस्टर एकदाच दिसल्या. चतुर्थीला मी घरच्यांबरोबर राजूरच्या गणपतीला गेलो होतो. दर्शन करून उतरलो तर नारळाच्या दुकानांच्या पुढं, मांडवाच्या सावलीत, अंकुशराव, रूपाली आणि सिस्टर सतरंजीवर बसलेले. सासरची माणसं रांगेत उभी होती. रूपालीनं तेवढ्यात मुलीला आईकडे आणलं होतं. दीडेक वर्षाची पोरगी, डोक्याला कुंची, पेढ्यानं तोंड बरबटलेलं. पेंगायला आली होती. रूपालीनं काही न विचारता तिला सिस्टरांच्या मांडीवर टाकलं.

पोरगी लगेच झोपली. सिस्टरांचं अंग आक्रसलं, मग हळूहळू सैल पडलं. मांडी त्यांनी तसूभरही हलवली नाही. पण दोन्ही हात त्यांनी खांद्यांपर्यंत वर उचलून धरले होते, कणीक मळताना कुणी हाक मारली की बायका धरतात तसे. हात स्वच्छ होते, कातडी भरून आलेली, मऊ. इतके बरे झालेले त्यांचे हात मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आई, धर की तिला," रूपाली म्हणाली. "पडंल."

"मांडीवर हाय की. पडत न्हाई."

अंकुशरावांनी मला पाहिलं आणि सरकून जागा केली. मी बसलो. सिस्टर हसल्या, खरंखुरं हसल्या. "सर, दोन दाढा आल्यात खालच्या. अन् आज्जी म्हणती." मग त्यांची नजर पोरीच्या टाळूवर गेली, तिथून स्वतःच्या हातांवर, तिथून माझ्यावर.

"सर," त्यांनी हळूच विचारलं, "असं बराबर हाय ना?"

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मला पाठ होतं. हो म्हणायचं नाही. आणि "बरोबर नाही, हात खाली घ्या आणि धरा तिला" असं म्हणायला ज्याच्या शब्दावर त्यांनी भरवसा ठेवावा असा माणूस मी राहिलो नव्हतो. त्या वाट बघत राहिल्या. पोरीनं झोपेत कूस बदलली, तिची कुंची घसरली, आणि सिस्टरांनी हात आणखी थोडे वर घेतले.